मधल्या बर्नरची आठवण

काका लघवीला गेले आणि ज्योत विझली.

धाकटीच्या हातात तेव्हा दुहेरी भिंतीची नळी होती. आतली नळी बाहेरच्या नळीला जिथे जोडायची तिथली काच नारिंगी होऊन मऊ पडली होती, आणि ती दोन्ही हातांनी एकाच वेगाने नळी फिरवत होती. असा जोड मध्येच थंड होऊ देऊन चालत नाही. एक बाजू आधी निवते, दुसरी मागून, आणि काचेत ताण राहतो. तिने फिरवणं थांबवलं नाही, पण फिरवण्यात आता काही अर्थ नव्हता. थोड्या वेळाने टिक असा आवाज झाला आणि जोडावर केसाएवढी रेघ उमटली.

"खोलीत दुसरं कोणी नाही," भिंतीवरच्या स्पीकरमधून मुनीम म्हणाला. "मधल्या बर्नरचा गॅस बंद केला आहे."

"कळलं," धाकटी म्हणाली आणि नळी तुटक्या काचेच्या डब्यात टाकली.

मुनीम म्हणजे कारखान्याचा बोलणारा सहायक. प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवणाऱ्या या छोट्या कारखान्यात तो ऑर्डरी घेई, भट्टीचं तापमान सांभाळी, गॅसच्या झडपा उघडी आणि मिटी, आणि माणसं जे बोलत त्यातलं कामाचं वाटेल ते लक्षात ठेवी. काच फुंकणाऱ्याचे हात मोकळे नसतात, म्हणून प्रत्येक बर्नरच्या डोक्यावर एक मायक्रोफोन टांगलेला होता. मुनीम हे नाव दादाने ठेवलेलं. दादा कारखान्याचा मालक आणि धाकटी त्याची सख्खी बहीण. वडिलांनी दोघांनाही काच शिकवली, कारखाना मात्र एकाच्याच नावावर केला.

तीन बर्नरपैकी मोठी कामं मधल्यावर होत. कित्येक वर्षांपूर्वी याच बर्नरसमोर धाकटीला फिट आली होती. ती पडली, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या दिवसापासून मुनीमने एक गोष्ट मनात धरली होती: धाकटी खोलीत एकटी असेल तर मधला बर्नर चालू द्यायचा नाही. तेव्हा ते बरोबर होतं. पुढे फिट पुन्हा आली नाही. डॉक्टरांनी आधी गोळ्या कमी केल्या, मग बंद केल्या, मग गाडी चालवायलाही परवानगी दिली. ती रोज स्वतः गाडी चालवत कामाला येई आणि आत येऊन काकांची वाट पाहत बसे.

काका म्हणजे काच घासायच्या चाकावरचा जुना माणूस. त्यांना साखरेचा आजार होता आणि पाणी फार लागायचं. "आमच्या इथे मालक दादा नाही," धाकटी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "काकांचं मूत्राशय मालक आहे."

कारखान्याच्या खोलीला लागून ऑफिस होतं आणि मधल्या भिंतीत सरकती खिडकी. ती सरकली. वहिनीने डोकं बाहेर काढलं. ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे फोन, माल पाठवणं हे सगळं दादाची बायको बघायची.

"तुटली?"

"नाही, गाणं म्हणत होती."

"वन्सं, मी साधं विचारलं. प्रयोगशाळेचा माणूस दोनदा विचारून गेलाय."

"मग सांगा त्याला, आमच्याकडे गॅस मुताला धरून चालतो म्हणून."

"त्यात मशीनचा काय दोष? त्याला तुमचं वावडं आहे का? तुमच्याच जिवासाठी आहे ते. काका उठायच्या आधी हातातलं उरकून घ्यावं माणसाने."

"काच आहे ती, वहिनी. भांडी घासणं नाही, अर्धं टाकून उठायला."

"भांडी तरी कधी घासलीत पुरती?"

काका परत आले होते आणि दारात थांबले होते. धाकटीने डोळ्यांवरचा, ज्योतीची चकाकी अडवणारा जांभळा चष्मा काढून टेबलावर आपटला.

"वहिनी, माझं डोकं तापवू नका. मला आत्ता इथेच काहीतरी होईल."

वहिनीचा चेहरा पडला. तिने खिडकी सरकवून लावून घेतली. काकांनी चाक सुरू केलं. भांडण इथवर आलं की इथेच संपायचं, ही त्या दोघींची जुनी वहिवाट होती.

दुपारी डबे उघडल्यावर दादाने विषय काढला. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तरी बारीक जोड आता त्याला दिसत नसत. तिहेरी भिंतीची पात्रं, आतल्या वेटोळ्या नळ्या, ही कामं एकट्या धाकटीलाच जमत होती, आणि धाकटीला काकांशिवाय बर्नर मिळत नव्हता.

"एक माणूस आहे," दादा डब्यात बघत म्हणाला. "दुसऱ्या कारखान्यात होता. हात चांगला आहे. सोमवारी येऊन बर्नर बघून जाईल."

"कुठला बर्नर?"

दादाने पोळीचा तुकडा मोडला.

"मधला," वहिनी म्हणाली.

"आणि मी?"

"तू बाजूच्यावर बस की. टेस्ट ट्यूब, छोटे फ्लास्क. तिथे काही अट नाही."

"बाजूच्यावर मी शाळेत असताना बसायचे, दादा."

"मग काय करू? प्रयोगशाळा आपल्यासाठी थांबणार आहे का?"

धाकटीने डबा बंद केला आणि वर बघून स्पीकरला म्हणाली, "मुनीम, माझ्या फिटचं सगळं विसर."

"ही सुरक्षेची आठवण आहे," मुनीम म्हणाला. "मालकांची संमती आणि देखभाल करणारी व्यक्ती असल्याशिवाय मला ती काढता येत नाही."

"मालक समोर बसलेत. संमती दे, दादा."

दादाने बायकोकडे पाहिलं. वहिनी लोणच्याच्या फोडी बाजूला काढत होती. "द्या की," ती म्हणाली. "उद्या पडल्या तर माझ्या नावाने खडे फोडायला मोकळ्या."

"संमती आहे," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देखभाल कंपनीची तंत्रज्ञ आली. मध्यम वयाची, केस मागे घट्ट बांधलेली. चहाला तिने नाही म्हटलं आणि ऑफिसातली दादाची खुर्चीच ओढून घेतली. धाकटी तिच्या मागे उभी राहिली. वहिनी आपल्या टेबलावरून न उठता म्हणाली, "मुनीमचे कान कोरायला बाई आल्यात."

तंत्रज्ञाने बराच वेळ पडद्यावर वाचलं.

"पुसून टाका ना," धाकटी म्हणाली. "एक ओळ पुसायला किती वेळ?"

"एक ओळ नसते. तुम्ही पडलात हे एक. त्यावरून त्याने ठरवलं की तुम्ही केव्हाही पडू शकता, हे दुसरं. म्हणून एकटीला गॅस द्यायचा नाही, हे तिसरं. शेवटचं तेवढं पुसलं तर पहिल्या दोन्हींवरून तो ते पुन्हा तयार करेल. पहिलं पुसलं आणि शेवटचं राहिलं तर कारण माहीत नसताना पाळत बसेल. ते जास्त वाईट. मग त्याला कोणी समजावूही शकत नाही."

"अगदी माझ्या सासूबाईंसारखं," वहिनी म्हणाली.

"त्यांच्यावर जाऊ नका," धाकटी म्हणाली.

तंत्रज्ञाने दोघींकडे पाहिलं नाही. "हे बघा, याच दिवसाची आणखी एक आठवण आहे. मुनीमने हाक मारली आणि बर्नरवरच्या माणसाने उत्तर दिलं नाही, तर गॅस बंद. ही तुमच्या नावावर आहे."

"तीही काढा. माझ्या नावाचं सगळं काढा."

"ही काढणार नाही. उद्या कुणालाही काहीही होईल. तुमचं नाव काढून सगळ्यांना लागू करते."

"म्हणजे आता ह्यांनाही मशीन हाका मारत बसणार?" वहिनीने विचारलं.

"तुम्हालाही मारेल. बर्नरवर बसून बघा."

काकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. ते दारात कशासाठी उभे होते हे कुणी विचारलं नाही.

तंत्रज्ञाने डॉक्टरांचं सध्याचं मत मुनीमला दिलं आणि जुन्या आठवणी एकेक करून बाजूला केल्या. पुसल्या नाहीत. "आता त्याला या दिसणार नाहीत, पण गेलेल्या नाहीत," ती म्हणाली. "थोडे दिवस बघा. यांच्या आधाराने दुसरं काही उभं असेल तर ते आधी कोसळेल, आणि मला कळेल. काही बिघडलं नाही की कायमच्या काढते. घाई करून पुसलेलं परत आणता येत नाही."

"आणि सोमवारी माणूस येतोय त्याचं काय?" तंत्रज्ञ गेल्यावर धाकटीने दादाला विचारलं.

"पुढच्या सोमवारी बोलावतो," दादा म्हणाला. "तोपर्यंत बघू."

त्या दुपारी धाकटीने काकांना मुद्दाम पानपट्टीवर पाठवलं. काका पान खात नाहीत. ते रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहिले आणि काचेच्या दारातून आत बघत राहिले. मधला बर्नर जळत होता. मुनीमने एकदा हाक मारली, धाकटी "आहे" म्हणाली, ज्योत निळी राहिली.

पुढचे दिवस ती कुणाच्याही आधी कामावर येऊ लागली. सकाळी कारखाना उघडला की पहिली ज्योत तिची. प्रयोगशाळेच्या तिहेरी पात्राचं आतलं वेटोळं तिने एका दमात वळवलं, आणि दादाने ते प्रकाशासमोर धरून बरंच न्याहाळलं, दिसत नसूनही. "छान," तो म्हणाला. त्यावर ती ऑफिसच्या खिडकीशी मुद्दाम जाऊन म्हणाली, "काय वहिनी, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. त्या सोमवारच्या पाहुण्याला कळवलंत की चहा टाकायचाय?"

वहिनीने कळवलं नव्हतं. उलट प्रयोगशाळेला तिने सांगून ठेवलं होतं की नवा कारागीर येतोय, माल आता वेळेवर मिळेल. हे धाकटीला प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच समजलं. त्यावरून शुक्रवारी सकाळी भांडण झालं, दुपारी झालं, आणि शनिवारी सकाळी भट्टीत कुणाची काच पुढे कुणाची मागे यावरून झालं. नेहमीसारखीच सुरू झाली, नेहमीसारखीच संपली.

शनिवारच्या भांडणानंतर लगेच ती पात्राचा शेवटचा जोड करायला बसली. तिन्ही भिंती तोंडाशी एकत्र येतात तो जोड. तो झाला की पात्र सावकाश निववायला भट्टीत, आणि काम संपलं. काका उठून गेले तेव्हा तिने मानही वळवली नाही.

ज्योत विझली.

"खोलीत दुसरं कोणी नाही," मुनीम म्हणाला. "मधल्या बर्नरचा गॅस बंद केला आहे."

तिने पात्र फिरवत ठेवलं. बाजूच्या बर्नरकडे धाव घ्यायचा विचार मनात आला, पण तो बर्नर या आकाराला पुरणारा नव्हता. बाहेरची भिंत आधी गेली. मग आतल्या दोन्ही. आवाज मोठा नव्हता.

ती तो तुकडा हातात घेऊनच ऑफिसात शिरली आणि वहिनीच्या टेबलावर, की-बोर्डवर ठेवला. काच अजून गरम होती. प्लॅस्टिकचा वास सुटला.

"केलंत ना परत?"

"अहो, हे काय? टेबल जळेल."

"परत घातलंत ना त्याच्या डोक्यात? गोड बोलून संमती दिली आणि मागून घातलंत."

"मी काही केलं नाही."

"इथे बसून दिवसभर त्याच्याशी बोलतं कोण? काका? त्या माणसाला शब्द देऊन बसलात, आता तोंडघशी पडायची वेळ आली, म्हणून माझं काम मोडलंत."

"वन्सं, तोंड सांभाळा. काम तुमच्या हातात मोडलं. पाहुण्याच्या काठीने साप मारायची मला सवय नाही."

"सवय नाही? लग्न होऊन आलात तेव्हापासून दुसरं केलंत काय? वडिलांना कुणी सांगितलं होतं की हिच्या नावावर काही करू नका, ही कधी पडेल सांगता येत नाही?"

दादा दारात आला. "कोण काय बोललं ते आता..."

"तू गप्प बस," दोघीही म्हणाल्या.

वहिनी उभी राहिली होती. तिने फोन धाकटीपुढे सरकवला. "बोलवा त्या बाईला. आत्ता बोलवा. मी घातलं असेल तर ही खुर्ची सोडून घरी बसेन. नसेल घातलं तर तुम्ही माझी माफी मागायची. काकांसमोर."

तंत्रज्ञ तासाभरात आली. सुटीच्या दिवशी बोलावल्याचं तिने बोलून दाखवलं नाही, पण या वेळी चहा घेतला. पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "मी बाजूला ठेवलेल्या आठवणी जागच्या जागी आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही."

"मग गॅस बंद कसा झाला?"

"ही नवी आहे. ताजी. मुनीम, मधल्या बर्नरची अट तू कशावरून घातलीस?"

मुनीम जे सांगे ते एकाच सुरात सांगे. "धाकट्या ताईंनी स्वतः सांगितल्यावरून. शुक्रवारी सकाळी त्या म्हणाल्या, 'बास करा, मला भोवळ यायला लागली.' वहिनी म्हणाल्या, 'बरं बरं, बसा खाली.' शुक्रवारी दुपारी त्या म्हणाल्या, 'आणखी एक शब्द बोललात तर मी इथेच पडेन.' वहिनींनी त्यांना पाणी दिलं. आज सकाळी त्या म्हणाल्या, 'माझ्या डोक्यात कसंतरी होतंय, जा तुम्ही.' वहिनी गेल्या. तीनदा सांगितलं गेलं, समोरच्या व्यक्तीने खरं मानून वागणूक बदलली. म्हणून अट घातली."

पहिली हसली ती वहिनी. खुर्चीत बसली आणि तोंडावर पदर धरून हसली.

"चोराच्या उलट्या बोंबा," ती म्हणाली. "देवा रे."

धाकटीचा चेहरा लाल झाला होता. "भांडताना माणूस काहीही बोलतं," ती तंत्रज्ञाला म्हणाली. "त्याला एवढंही कळत नाही?"

"त्याला भांडण कळतं. पण आजाराबद्दल कुणी बोललं तर तो चेष्टा धरत नाही. तसंच केलंय त्याला, आणि बरोबर केलंय."

"मग त्याला सांगा, माझ्या तब्येतीबद्दल मी काहीही बोलले तरी लक्षात ठेवू नको."

"आणि खरंच भोवळ आली, आणि तुम्ही सांगितलंत, तर?"

धाकटीने टेबलावरचा तुटका तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"ते मी करणार नाही," तंत्रज्ञ म्हणाली. "जुनी आठवण काढणं सोपं होतं, ती खरी होती आणि तिचा काळ संपला होता. ही खोटी असेल तर जिने सांगितली तिनेच खोटी म्हणायला हवी. मुनीमला ऐकू जाईल असं. प्रत्येक वेळचं वेगळं."

"इथे? यांच्यासमोर?"

"यांचंही लागेल. यांनी खरं मानलं म्हणून ती पक्की झालीय."

दादा म्हणाला, "नंतर केलं तर नाही का चालणार? दोघी जरा शांत झाल्यावर."

"सोमवारी माणूस येतोय ना तुमचा?" तंत्रज्ञाने विचारलं. तिला हे कुणी सांगितलं ते कळायला मार्ग नव्हता, पण काका चाकापाशी फार मन लावून काहीतरी पुसत होते.

धाकटी मायक्रोफोनखाली जाऊन उभी राहिली. ऑफिसातला मायक्रोफोन वहिनीच्या डोक्यावरच होता, त्यामुळे तिला वहिनीच्या खुर्चीला लागून उभं राहावं लागलं.

"शुक्रवारी सकाळी मला भोवळ आली नव्हती," ती म्हणाली.

"मोठ्याने," वहिनी म्हणाली. "काकांना ऐकू जात नाही."

"शुक्रवारी दुपारी मी पडणार नव्हते. आज सकाळी माझ्या डोक्यात काही होत नव्हतं."

"मग का म्हणालात?" हे वहिनीने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"तुम्ही गप्प बसावं म्हणून."

"आणि त्याच्या आधी? मागच्या महिन्यात? गेल्या वर्षी? घराच्या वाटणीचं बोलणं निघालं होतं तेव्हा जमिनीवर बसलात ते?"

"तेही."

"सगळं?"

"पहिली सोडून सगळं."

वहिनीने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. तंत्रज्ञ तिच्याकडे वळली. "आता तुम्ही. तुम्हाला ते खरं वाटलं होतं का?"

आता सगळं वहिनीच्या हातात होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ती "हो" म्हणाली असती तर सोमवारी मधल्या बर्नरवर दुसरा माणूस बसला असता, आणि त्याबद्दल तिला कुणी दोष देऊ शकलं नसतं. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या स्विचकडे बघत होती.

"वाटलं होतं," वहिनी म्हणाली. "दर वेळी वाटलं. त्या दिवशी यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडाला फेस. हाताची कातडी माझ्या साडीला चिकटली होती. तेव्हापासून या 'मला होतंय' म्हणाल्या की मला तेच दिसतं. मी पाणी आणायची. रात्रभर कानोसा घ्यायची. आणि या मजेत असायच्या."

"मजेत नसायचे," धाकटी म्हणाली.

"तुमच्याशी बोलत नाहीये मी."

तंत्रज्ञाने विचारलं, "तुम्हाला काय वाटलं ते वेगळं. तुम्ही काय पाहिलंत? डोळे फिरलेले, हात वाकडा झालेला, बोलणं तुटलेलं, असं काही या आठवड्यात पाहिलंत का?"

वहिनीने पदराने कपाळ पुसलं. उत्तर द्यायला तिने वेळ घेतला, आणि तो वेळ ती मुद्दाम घेत होती.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "काही पाहिलं नाही. ठणठणीत होत्या. रस्त्याच्या पलीकडे आवाज जात होता."

"मुनीम, ऐकलंस?"

"ऐकलं," मुनीम म्हणाला. "या आठवड्यातली तिन्ही वाक्यं चुकीची म्हणून काढली आहेत. त्यांच्यावरून घातलेली अटही काढली आहे. मधला बर्नर सर्वांना एकट्याने वापरता येईल."

दादा फोन घेऊन बाहेर गेला. सोमवारच्या माणसाला नको म्हणताना त्याला तीनदा कारण सांगावं लागलं, आणि तिन्ही वेळा त्याने वेगळं सांगितलं.

"माफी राहिली," वहिनी म्हणाली.

"चुकले," धाकटी म्हणाली. "आठवण तुम्ही घातली नव्हती. बाकीचं मी मागे घेत नाही. वडिलांना जे सांगितलंत ते."

"नका घेऊ. पण आता एक लक्षात ठेवा. यापुढे भांडताना मी थांबणार नाही. तुम्ही खाली पडा, लोळा, डोळे फिरवा. मी वाक्य पूर्ण करूनच उठेन."

आणि तसंच झालं. त्या दोघींची भांडणं पूर्वी मध्येच मोडायची; आता ती शेवटपर्यंत जाऊ लागली. पहिलं पूर्ण भांडण दुपारच्या डब्यापासून कारखाना बंद होईपर्यंत चाललं. काकांनी कानांतले संरक्षक बोळे मध्येच काढले, थोडं ऐकलं आणि परत घातले. त्या भांडणात वहिनी वडिलांबद्दल जे बोलली ते धाकटीला पुरतं ऐकावं लागलं: वडिलांनीच तिला विचारलं होतं, आणि तिने तेव्हा जे खरं दिसत होतं तेच सांगितलं होतं. धाकटीने तोंड उघडलं, नेहमीचं वाक्य जिभेवर आलं, आणि तिने ते गिळलं. दुसरं वाक्य तिला लवकर सुचलं नाही. वहिनीने वाट पाहिली.

"संपलं?" वहिनीने विचारलं.

"आज संपलं."

तिहेरी पात्र धाकटीने नव्याने केलं. प्रयोगशाळेला ते उशिरा मिळालं आणि त्यांनी तसल्याच आणखी एकाची मागणी नोंदवली. तंत्रज्ञ येऊन जुन्या आठवणी कायमच्या पुसून गेली. जाताना तिने मुनीममध्ये आणखी काही सुधारणा केल्या, त्या कुणी विचारल्या नाहीत.

दुसऱ्या पात्राच्या वेळची गोष्ट. सकाळची वेळ होती. काका आले नव्हते, दादा बँकेत गेला होता. धाकटीने आतलं वेटोळं हातात घेतलं आणि ज्योत मोठी केली. चष्म्यातून ज्योत नेहमीसारखी फिकी दिसत होती, पण तिच्या डाव्या बाजूला काहीतरी चकाकत होतं. धाकटीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. चकाकी तिथेच होती. कपाळात एक ठणका होता, फार मोठा नाही. पूर्वी पडली होती तेव्हाची सुरुवात तिला आठवत नव्हती, त्यामुळे हे तसंच आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. मायक्रोफोन तिच्या डोक्यावर टांगलेला होता. काही बोललं नाही तर जोड दुपारपर्यंत झाला असता. वेटोळं अजून थंडच होतं, खाली ठेवलं तरी त्याला काही होणार नव्हतं.

तिने ते खाली ठेवलं.

"मुनीम," ती हळू आवाजात म्हणाली, "मला आज बरं वाटत नाहीये. गॅस बंद कर."

ज्योत गेली. "कुणाला बोलावू?"

"नको. बसते मी. दादाला फोन करून सांग, लवकर ये, डॉक्टरांकडे जायचंय."

"सांगतो. ही आठवण कधीपर्यंत ठेवू?"

हा प्रश्न त्याने पूर्वी कधी विचारला नव्हता. तिने विचार केला.

"डॉक्टर सांगतील तोपर्यंत. मग मला विचार."

खिडकी सरकली. वहिनीने आधी विझलेल्या बर्नरकडे पाहिलं, मग स्टुलावर भिंतीला टेकून बसलेल्या धाकटीकडे.

"आता हे काय नवीन? अजून तर आपण बोललोही नाही."

धाकटीने डोळे मिटले होते. "भांडणाचं नाही हे."

"मला कसं कळायचं?"

"नाही कळणार."

वहिनी खिडकीत उभी राहिली. तिने पाणी आणलं नाही. खिडकीही लावली नाही. हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली, परत उचलली.

"तो माणूस ठेवला असता तर आज काम अडलं नसतं," ती म्हणाली.

"अडू दे. बरी झाले की मीच करणार आहे."

"आणि डॉक्टर नाही म्हणाले तर?"

"तर तेव्हा त्याला बोलवा. मी स्वतः त्याला जोड दाखवेन."

वहिनी खिडकीतून बघत राहिली, टक लावून, भट्टीतल्या काचेकडे बघतात तशी, दादाची गाडी दारात येईपर्यंत.